जास्वंदीला फुलंच नाहीत

हर्षदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी टोमॅटो आणायला पाठवत नाही. पाठवलंच तर तो गाडीपाशी उभा राहून एकेक टोमॅटो नाकाशी धरतो आणि मग भाजीवाली माझ्याकडे तक्रार करते, की तुमचे सर माझ्या मालाचा वास काय घेत बसतात. त्याला लाल आणि हिरवा हे वेगळे रंग दिसत नाहीत. जन्मापासून नाहीत. बाकी सगळं दिसतं, काही बाबतीत तर माझ्याहून चांगलं. आंब्याच्या खोडाला सरडा चिकटून बसला असेल तर तो आधी ह्याला दिसतो. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर बसलो की समुद्रात करड्याच्या किती छटा आहेत ते तो मला बोटाने दाखवत बसतो. मला एकच दिसते. मी हो हो म्हणते.

आज तो देवरूखच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि पहिल्याच तासाला मुलांना ही गोष्ट हसत सांगून टाकतो. पण १९९८ साली आम्ही रत्नागिरीत एकाच वर्गात बी.एस्सी.ला बसलो, तेव्हा त्याने हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. आईला तर नाहीच नाही.

आमच्या वेळी पदवीचं असं होतं: पहिल्या वर्षाला तीन विषय, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. होडी खाडीत शिरते तसं. तोंडाशी ऐसपैस, पुढे जाल तसे दोन्ही काठ जवळ येणार. त्या शेवटच्या एका विषयाला ‘स्पेशल’ म्हणत. जो विषय आधीची दोन वर्षं घेतलेला असेल तोच स्पेशल म्हणून मिळे आणि प्रत्येक विषयाची प्रॅक्टिकलं सुटल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. कॉलेजात पाय ठेवल्यापासून शेजारीपाजारी, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, सगळे विचारायचे, स्पेशल काय घेणार? मुलगी बघायला आलेल्यांनी घराणं विचारावं तसं.

हर्षद शिरगावच्या पलीकडच्या वाडीतून एसटीने यायचा. वर्गात खिडकीपाशी बसायचा आणि बाहेर बघायचा. स्वप्नात असल्यासारखा चेहरा. सरांनी नाव घेतलं की कुठूनतरी लांबून परत यायचा. मला असल्या मुलांचा राग येतो, तेव्हाही यायचा. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला नेमका तोच माझ्या टेबलावर आला.

टायट्रेशन चालू होतं. वरच्या उभ्या नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि खालच्या फ्लास्कमधलं पाणी ज्या थेंबाला फिकट गुलाबी होईल तिथे हात आवरायचा, एवढंच काम. हर्षद मन लावून थेंब सोडत होता. गुलाबी झालं, गडद झालं, पार जांभळट झालं, तरी ह्याचे थेंब चालूच. देवाला अभिषेक चालल्यासारखे.

“अरे, सरबत करतोयस का?” मी म्हटलं.

त्याने मान वर करून विचारलं, “झालं गुलाबी?”

असं काही विचारलंन की मला पुढचा टोमणा मारवेना. त्या दिवसापासून आमचं ठरलं. गुलाबी झालं की मी खोकायचं. सबंध वर्षभर मी खोकले. पुढच्या वर्षीही खोकले. सरांना वाटलं मला जुनाट खोकला आहे. त्यांनी मला ज्येष्ठमधाची कांडी आणून दिली आणि मी ती सगळ्यांसमोर चघळली. ही फसवणूक होती का? होती. मला त्याचं काही वाटत नाही.

जास्वंदीचं त्याने मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, एसटी स्टँडवर, शिरगावच्या गाडीची वाट बघताना. ऊन कलंडलं होतं, स्टँडवरची धूळसुद्धा सोनेरी झाली होती आणि तो त्या धुळीकडे बघत बोलत होता.

तो सात-आठ वर्षांचा असताना गणपतीच्या दिवशी आईने, येसूबाईंनी, त्याला परडी देऊन कुंपणाच्या जास्वंदीची लाल फुलं आणायला पाठवलं. तो झुडपापुढे उभा राहिला. त्याला पानं दिसली, पानांमागे पानं दिसली. फूल कुठेच नाही. रिकामी परडी घेऊन तो परत आला आणि म्हणाला, “आये, जास्वंदीला फुलंच नाहीत.” झाड तर फुलांनी लगडलेलं होतं, ओटीवरून दिसत होतं. येसूबाईंनी सगळ्या पाहुण्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. कामाचा कंटाळा म्हणून देवाच्या दारात खोटं बोलतोस?

“मग सांगायचं ना, मला दिसली नाहीत म्हणून,” मी म्हटलं.

“मला कुठे माहीत होतं, इतरांना दिसतात म्हणून?”



त्याचे वडील आत्माराम बोटीवर खलाशी. वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर. घर, मूठभर कलमं आणि हा मुलगा, सगळं येसूबाई एकटीने बघत. तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, की पोरगं गुणी आहे पण लबाड आहे. अढीतून पिकले आंबे काढायला सांगितलं आणि त्याने घाईत दोन हिरवे आणले, की “डोळे कशाला दिलेत देवानं?” हे ठरलेलं. तो वास घ्यायला शिकला, बोट लावून बघायला शिकला आणि गप्प राहायला शिकला. खिडकीबाहेर बघत राहण्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. बाहेरच्या उजेडात त्याला कुणी काही ओळखायला सांगत नसे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला स्पेशल विषयाचे अर्ज आले आणि आमच्या खोकल्याचे दिवस भरले. त्याचा मामा, रघूमामा, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबोरेटरीत होता. भाचा केमिस्ट्री घेऊन पास झाला की शेजारच्या टेबलावर चिकटवतो, असा त्याने शब्द दिला होता. येसूबाईंनी त्या शब्दावर सगळं बांधलं होतं: मुलाला घराजवळ नोकरी, मग नवऱ्याने बोट सोडून घरी यायचं. वीस वर्षं दर्याकडे तोंड करून बसलेल्या बाईचं ते स्वप्न होतं. त्याला हसायचं धाडस माझ्यासारखीलाही नव्हतं.

पण तिसऱ्या वर्षाच्या केमिस्ट्रीला परीक्षक बाहेरचे. टेबलं वेगळी. शिवाय ज्योतीचे रंग, नळीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याचे रंग, पावलोपावली रंग. हर्षद तिथे नापास होणार हे उजेडाइतकं स्पष्ट होतं. त्याचा जीव होता फिजिक्सवर, तिथल्या डार्करूमवर.

डार्करूममध्ये सोडियमचा दिवा असे. बटण दाबलं की आधी कोकमाच्या पाण्यासारखा लालसर उजेड यायचा. मग तो हळूहळू पिवळा होत जायचा आणि शेवटी खोलीत पिवळ्याखेरीज काही उरायचंच नाही. दिव्यात तो एकच रंग. त्यामुळे वस्तूंना दुसरा दाखवायला काही मिळत नाही. पहिल्या वेळी माझी लाल ओढणी आणि हिरवा कुडता दोन्ही सारखेच मळकट झालेले बघून मी किंचाळलेच होते.

“तुला असंच दिसतं?” मी विचारलं.

“असंच नाही. मला निळं दिसतं, पिवळं दिसतं. पण तुझ्या ओढणीत आणि कुडत्यात मला एवढाच फरक दिसतो.” मग दुर्बिणीला डोळा लावत म्हणाला, “इथे बरं वाटतं. सगळ्यांचं सारखंच.”

त्या खोलीत तो वेगळाच मुलगा असायचा. काचेवरची प्रकाशाची वर्तुळं मोजताना त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे. बाहेर कोकणचं रणरणतं ऊन आणि आत हा एखाद्या शांत तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा.

आणि तरी त्याने अर्जावर केमिस्ट्री लिहिलंन. मी भडकले. म्हटलं, आईला सांग. तो म्हणाला, “काय सांगू? म्हणेल, पुन्हा खोटं बोलतोस. अभ्यास नको म्हणून.” त्याला नापास होण्याची भीती वाटत नव्हती. आईने दुसऱ्यांदा खोटारडा म्हणावं ह्याची वाटत होती.

अर्ज द्यायला चार दिवस होते आणि त्याच्या आधी आला विज्ञान दिवस. अठ्ठावीस फेब्रुवारीला कॉलेज सगळ्यांना खुलं असे, मुलं प्रयोग मांडत, आईवडील बघायला येत. हर्षदला सोडियमच्या दिव्यापाशी उभं केलं होतं. मी निरोप धाडून येसूबाईंना बोलावून घेतलं. हर्षदला बोलले नाही.

त्या आल्या. काठापदराचं लुगडं, ठसठशीत कुंकू आणि दोन्ही हातांत हिरवा चुडा, मनगटापासून वर गच्च भरलेला. नवरा दर्यावर असलेल्या बायका हातातली एक बांगडी पिचली तरी रात्रभर झोपत नाहीत. त्यांना डार्करूममध्ये घेऊन गेले तेव्हा दिवा नुकता लागत होता. आईला बघून हर्षद बोलता बोलता अडखळला.

“हिथं काळोख कशाला गो एवढा?” येसूबाई म्हणाल्या.

उजेड पिवळा होत गेला. त्यांनी पदर सावरायला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. “माजा चुडा काळा झाला!” आवाजात भीतीच होती.

“हिरवाच आहे, आये,” हर्षद म्हणाला. “उजेड तसा आहे. बाहेर गेलीस की हिरवा.”

त्यांनी हात पदराखाली घेतले. मी त्यांना कोपऱ्याकडे वळवलं. तिथे टेबलावर मी सकाळी मातीच्या घड्यात एक भलीमोठी फांदी ठेवली होती.

“मावशी, त्या फांदीला फुलं किती आहेत, सांगाल?”

हर्षदने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. त्याने दिव्याच्या टेबलाची कड घट्ट धरली.

येसूबाईंनी डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे झाल्या, मान तिरकी करून बघितलं. “खंयची फुलं? नुसता पाला दिसतोय.”

“नीट बघा.”

“बघतंय तर. डोळे नाय काय मला?” त्या चिडल्या. “फुलंच नायत ह्येला!”

मी खिडकीचा काळा पडदा बाजूला ओढला.

दुपारचं ऊन एकदम आत आलं आणि कोपऱ्यातली जास्वंद लालेलाल झाली. सात-आठ टपोरी फुलं होती, अगदी समोर, पानांच्या वर. येसूबाई बघतच राहिल्या. मी तोंड उघडलं होतं, समजावून सांगायला, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आपलेच शब्द त्यांना ऐकू आले होते आणि ते आधी कुणी उच्चारले होते तेही.

त्यांनी पुढे होऊन एका फुलाला बोट लावून बघितलं. मग हर्षदकडे वळल्या.

“तुला सारखां असां दिसतां?”

“लाल आणि हिरवं. होय.”

“तवापासून?”

त्याने मान डोलावली. येसूबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या डाव्या गालावर तळहात ठेवला, जिथे बारा वर्षांपूर्वी मारलं होतं तिथे. बांगड्या वाजल्या. “खरां बोललास तू,” त्या म्हणाल्या. “देवाच्या दारात खरां बोललास नि मी मारलां तुला.” आणि त्या रडायला लागल्या, प्रदर्शन बघायला आलेल्या सगळ्या लोकांसमोर. एवढा उंच मुलगा, तोही रडला. मी घड्यातलं पाणी बदलायच्या निमित्ताने बाहेर सटकले, कारण माझंही तेच होणार होतं.

रघूमामाला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, की तुझ्या शेजारचं टेबल दुसऱ्या कुणाला दे. मामा महिनाभर बोलत नव्हता. हर्षदने फिजिक्स घेतलं, मी केमिस्ट्री. माझा खोकला कायमचा बरा झाला. आत्मारामकाकांना आणखी तीन वर्षं बोटीवर काढावी लागली. त्या तीन वर्षांचा येसूबाईंनी कधी उच्चार केला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

२००५ साली आमचं लग्न ठरलं. चुडा भरायला माझी आई आणि सासूबाई दोघी माझ्याबरोबर कासाराकडे आल्या. कासाराने हिरव्यातले प्रकार पुढे मांडले: पोपटी, गर्द, सोनेरी टिकल्यांचे. माझी आई ते उजेडात धरून निवडायला बसली. सासूबाईंनी दोन बांगड्या उचलल्या, कानाशी नेल्या, एकमेकींवर हलकेच वाजवल्या आणि बाजूला ठेवल्या. मग दुसऱ्या दोन. मग आणखी दोन.

कासार वैतागला. “मावशी, सगळ्या हिरव्याच आहेत की! बघता काय एवढं?”

“बघत नाय मी,” सासूबाई म्हणाल्या. “नाद बरा असलेल्या दे. आमच्या हर्षदाला ऐकायच्या आहेत.”