रघूची गाडी आणि हॉल्ट परेड

डोंगरातली माझी पहिली पोस्टिंग वर्कशॉप डिटॅचमेंटला झाली. मी व्हेइकल मेकॅनिक, तेव्हा लान्स नायक. काम एकच. रस्त्यात बंद पडलेली गाडी चालू करायची, नाही झाली तर ओढून आणायची. शत्रू रोज समोर नसायचा, थंडी रोज असायची. तिच्यापुढे इंजिनं आधी शरण जायची, माणसं नंतर.

आमच्यात दिवसाला तीन परेड. त्यातली एकही मैदानावर नाही. सकाळी गाडी सुरू करण्याआधी फर्स्ट परेड, प्रवासात थांबलं की हॉल्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. तिन्हींत हजेरी गाडीची. हॉल्ट परेडला गाडीभोवती चक्कर मारायची आणि टायर, चाकांचे हब हात लावून बघायचे, कुठे जास्त तापलंय का.

माझा जोडीदार नायक रघुनाथ पाटील. सुरतेजवळच्या चलथाणचा. वडील खानदेशातून तिथल्या साखर कारखान्यात आलेले. रघू हात लावायचा तो उलटा. म्हणायचा, "तळव्याला कळत नाही. माझी माय ताप असाच बघते." आम्ही त्याचं नाव डॉक्टर ठेवलं.

"डॉक्टर, पेशंट जगेल का?" मी विचारायचो.

"पेशंट जगेल. नर्सने तोंड बंद ठेवावं."

एका सकाळी आमचा कॉन्व्हॉय वळणावर थांबला. रघू हॉल्ट परेडला उतरला. वरून दरड सुटली. तो ओरडला, "गाडी काढ." मी सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. लागणारच होतं, पहाटे फर्स्ट परेडला बॅटरीचे टर्मिनल त्यानेच घासून बसवले होते. गाडीतले सगळे वाचले. रघू दरडीखाली गेला.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो आणि सुरतेत डिंडोलीला घर केलं. इच्छापोरच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट सांभाळतो. आल्या आल्या मी लिलावात निघालेली एक जुनी पेट्रोल जीप घेतली. रघूवर दरड आली तेव्हाची गाडी ही नव्हे. तसलीच. रघूची माय मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'रघूनी गाडी' म्हणते, आणि तिची चूक काढायची हिंमत आम्हा जुन्या फौजींपैकी कोणाला नाही. आमच्यापैकी एकजण सुभेदार असूनही.

दरवर्षी रघूच्या दिवशी मी मायला लिंबायतहून, तिच्या लेकीच्या घरून, उचलतो. ती पुढच्या सीटवर बसते. आम्ही चलथाणला त्याच्या शाळेत जातो, तिथे आवारात त्याच्या नावाची शिळा आहे. जमतील तितके जुने फौजी येतात. सुभेदार शिंदे साहेब परेड घेतात. साहेब परभणीचे. रिटायर झाले, पण त्यांच्या आवाजाला अजून पेन्शन मिळालेली नाही.

या वर्षी जीपने नाटक सुरू केलं. मनात आलं तर एका सेल्फमध्ये लागायची. नाही आलं तर 'टक', आणि शांतता. गल्लीत पॉवरलूमची पाळी संपवून येणारे लोक मला पाहिलं की रस्ता बदलायला लागले, कारण धक्का त्यांनाच मारावा लागायचा. मी गाडी उतारावर लावायला लागलो. आता सुरतेत उतार कुठला? एक ओव्हरब्रिज सोडला तर सगळं शहर पोळपाटासारखं सपाट.

गॅरेजवाल्या जयेशभाईने बॅटरी बदलली. मग सेल्फ बदलला. दोन दिवस गाडी सुतासारखी सरळ. तिसऱ्या दिवशी 'टक'.

"काका," तो म्हणाला, "बॅटरी नवी, सेल्फ नवो. हवे तो गाडी ज नवी करो." आता गाडीच नवी घ्या म्हणे.

रघूच्या दिवसाच्या आदल्या दुपारी माझा मुलगा नीलेश अंगणात आला. "पप्पा, उद्या एसी गाडी सांगितलीय. मायला आराम पडेल. आणि संध्याकाळी भंगारवाला येणार आहे, ही बघायला."

"मायला विचारलंस?"

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. मायने सगळं ऐकून घेतलं.

"रघूनी गाडी नही ते मी बी नही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता भाषणाला जागाच उरली नाही. गाडी लागली नाही तर उद्या शिळेसमोर सगळे असणार, आई नसणार.

तेवढ्यात सुभेदार साहेबांचा फोन. ते अजून वायरलेसवरच बोलतात.

"गाडीची स्थिती सांग."

"ऑफ रोड, साहेब. बंद आहे."

"पर्यायी गाडी घे."

"माफ करा साहेब, आवाज तुटतोय."

"माझा आवाज आजवर तुटलेला नाही."

"तरी तुटतोय, साहेब." मी फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा ऑर्डर मोडली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

मी बॉनेट उघडलं. नीलेशला ड्रायव्हर सीटवर बसवलं. "हेडलाइट लाव. सेल्फ मार."

लागली. एका झटक्यात. बंद करून पुन्हा मारायला लावला. लागली. साक्षीदार आले की ही बया शहाणी होते. पाचव्यांदा 'टक'.

मी पुढे जाऊन दिवे बघितले. झगझगीत. म्हणजे बॅटरीत जोर होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. टर्मिनल बघितले, स्वच्छ आणि घट्ट. मला हातोडी घ्यावीशी वाटली.

"पप्पा, सोडून द्या ना," नीलेश म्हणाला.

गाडी उभी होती. बंद होती. मी तिच्याभोवती नुसता फिरत होतो. फिरता फिरता लक्षात आलं की ही तर हॉल्ट परेड झाली.

"किल्ली फिरवून धर," मी म्हणालो. 'टक'. "सोड." आणि मी उलटा हात फिरवायला सुरुवात केली. बॅटरीची जाड केबल, गार. सेल्फचा नट, गार. मग हात चोकच्या वायरला लागला आणि मी तो झटकन मागे घेतला.

चोकची वायर सायकलच्या ब्रेकच्या वायरएवढी. तिचं काम डॅशबोर्डवरचा खटका ओढला की कार्बोरेटरची झडप हलवायची. विजेशी तिचा काही संबंध नाही. आणि ती चटका देत होती.

इंजिन रबरावर बसवलेलं असतं. सेल्फला गेलेला करंट इंजिनातून चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, परत यायला तारेची एक चपटी पट्टी असते, अर्थिंगची. मी गाडीखाली शिरलो. ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली पट्टी तुटली होती. चार तारा धरून होत्या. इंजिन हलून नीट टेकलं की त्या जुळायच्या, गाडी लागायची. नाही जुळल्या की सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या वायरवरून घरी जायला बघायचा.

मी जंपर केबलचं एक टोक इंजिनला लावलं, दुसरं चासीला.

"मार."

लागली. परत मार. लागली. नीलेशने न सांगता आणखी बऱ्याच वेळा मारला, आणि शेवटी तोच हसायला लागला. आम्ही पट्टीच्या जागचा चासीचा रंग पत्रा चकाकेपर्यंत घासला आणि नवी पट्टी बसवली. भंगारवाला आला तेव्हा नीलेशनेच त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी साहेबांना फोन केला. "गाडी ऑन रोड."

"आता आवाज नीट येतोय?"

"लख्ख, साहेब."

सकाळी माय पुढच्या सीटवर बसली. डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाली, "काय व्हयनं व्हतं इले?"

"ताप होता, माय. उतरला."

चलथाणच्या शाळेच्या फाटकाशी थोडा चढ आहे. जुनी गाडी, म्हणून दरवर्षी तिथे लावतो, लागली नाही तर उतारावरून ढकलता यावी. या वर्षी मी गाडी सरळ आत घेतली, शिळेसमोर सपाट जमिनीवर उभी केली आणि इंजिन बंद केलं. सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बंद केलीस?"

"बंद केली, साहेब."

ते शिळेकडे वळले. सावधान दिलं. फुलं वाहिली. दोन मिनिटं सगळे स्तब्ध. मग माय पुढे गेली. शिळा सकाळची गार होती. तिने हात उलटा केला आणि रघूच्या नावावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ताप नही," ती म्हणाली.