वाफा मऊ आहे

“पूस ते आधी!” हेडमास्तर भर वर्गात माझ्यावर खेकसले. फळ्यावर मी लिहिलं होतं, ‘वाफा मऊ आहे.’ पोरं खिदळत होती. खुर्चीतले तपासनीस उपरण्यानं तोंड झाकून हसत होते.

मी उमेदवार मास्तर. बाप ठाण्याच्या खाडीवर मिठागरात राबणारा. त्या तपासणीत उतरलो असतो तर नोकरी कायम. आमच्या गावातला पहिला मास्तर! धडा होता ‘मऊ’ या विशेषणाचा, अर्थ आणि उपयोग. आदल्या दिवशी हेडमास्तर स्वतः म्हणाले, “अरे, लोणी-रेशीम सगळेच सांगतात. तू तुझ्या घरातलं सांग.” मी हुरळलो. मूर्ख कुठला!

म्हणून सांगितलं. मीठ धरायच्या आधी आम्ही वाफा, म्हणजे खाडीचं पाणी साठवायचा चौकोन, पायांनी तुडवतो. दिवस दिवस. आई, बाप, मी, एका रांगेत. तळ टणक व्हावा लागतो. कुठं मऊ राहिला की पाणी मुरतं, मीठ मातकट निघतं. आमच्याकडं मऊ म्हणजे काम अर्धवट राहिलं.

“मऊ म्हणजे कमळाची पाकळी,” तपासनीस म्हणाले. “हा काय चिखल कालवलाय?”

मी हेडमास्तरांकडं पाहिलं. आता बोलतील, म्हटलं. बोलले.

“मी बजावलं होतं साहेब, पुस्तकाबाहेर जाऊ नको म्हणून. मिठागरातलं ना! ह्यांचं डोकंही चिखलातच.”

अंगाची लाहीलाही झाली. तपासनीस परका, त्याचं हसणं सोसलं असतं. पण ज्यानं सांग म्हणून सांगितलं, त्यानंच केसानं गळा कापला.

“पूस,” हेडमास्तर म्हणाले. “आणि वर्गापुढं म्हण, मी चुकलो. मग बघू नोकरीचं.”

माझा हात फडक्याकडं गेलासुद्धा. खोटं कशाला बोलू? पोट होतं. पण मागच्या रांगेत आमच्या गावची दोन पोरं बसलेली. ती हसत नव्हती. मान खाली घालून आपले भेगाळलेले पाय मांडीखाली लपवत होती.

“मी चुकलो नाही,” मी म्हणालो. “सांग म्हणून तुम्हीच सांगितलंत. पुसायचं तर तुम्ही पुसा.”

नोकरी गेली. बाप एवढंच म्हणाला, “खरा बोललास ना? मंग झाला.” मला त्यानं बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आता मी मिठागराच्या बांधावर पोरं शिकवतो. पुस्तकातले अर्थ शिकवतो, परीक्षेत लागतात म्हणून. आमचेही शिकवतो. आणि बजावतो, कुणी मोठा माणूस गोड बोलून तुमच्या मनातलं विचारील. सांगा, बेधडक सांगा. पण तो आपल्या बाजूनं उभा राहील, या भरवशावर एक शब्द बोलू नका.