तीन खणांचं कपाट

आमच्या ऑफिसातली ती, निपाणीकडची. इलेक्ट्रॉनिक सिटीत पीजीत राहते, एका खोलीत तिघी. तिचं सगळं सामान कॉटखाली मावतं, तरी दर रविवारी मला ओढून स्वस्त फर्निचरची दुकानं हिंडते. किंमत आधी विचारत नाही. एकेक खण ओढते, आतून हात फिरवते आणि कानडीत ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणून हलकेच लावते. घेत मात्र काहीच नाही.

मध्यंतरी बेळ्ळंदूरच्या एका दुकानात तिला तीन खणांचं बुटकं कपाट दिसलं. ती सरळ फरशीवर मांडी घालून बसली आणि खालचा खण उघडून बघू लागली. दुकानदार चक्रावला.

“अक्का, आईला फार वेळ उभं राहवत नाही,” ती मला म्हणाली. “सगळं बसूनच करते. भावाकडं तिच्या साड्या पिशवीत असतात, दारामागं खिळ्याला.”

कपाट तिनं घेतलं आणि माझ्या हॉलमध्ये ठेवलं. “भाड्याचं घर मिळालं की आईला आणते, मग नेते.” घर अजून मिळालेलं नाही. ती रविवारी येते, कपाट पुसते, चहा घेऊन जाते.

काल तिनं आईला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. आई म्हणाली,

“लई झ्याक हाय गं. पण वरचा खण तुला ठेव. तुझं बी कायतरी असू दे की.”

फोन ठेवून तिनं वरचा खण उघडला. त्यात आपलं काय ठेवावं, ते तिला सुचेना.