परमिट परत

माझ्या जिभेला हाड नाय, असं सापगावात सगळेच म्हणतात. म्हणू देत. पण त्या रविवारी मी फक्त दोन शब्द बोलले नाय, आणि त्यानं जे झालं ते हजार शिव्यांनी झालं नसतं.

आमचे हे, नरेंद्र, विजेच्या खात्यात सबस्टेशनवर ऑपरेटर होते. तिथं एक नियम असतो. खांबावर चढणारा माणूस आधी परमिट घेतो, मंग ऑपरेटर लाइन बंद करतो. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय लाइन चालू करायची नाय. बावीस वर्षांमागं डोळखांबच्या बाजूला खात्यातला वायरमन धाऊ खांबावर होता. दुसऱ्याच कुणी फोनवर सांगितलं, सगळे खाली उतरले. ह्यांनी लाइन चालू केली. धाऊ उतरला नव्हता.

धाऊचा मोठा भाऊ कुंडलिक फौजेत सिग्नलमध्ये होता. तो धावत आला. चितेसमोर ह्यांच्याकडं बोट करून सगळ्यांदेखत म्हणाला, "या माणसाशी मी जल्मात बोलणार नाय." शब्दाचा पक्का निघाला. बावीस वर्षं बोलला नाय.

फौजेतून सुटल्यावर कुंडलिकनं लायसन काढून घरी वायरलेस लावला. रोज सकाळी दहाला लांबलांबच्या दोस्तांशी बोलायचा. ह्यांना ते कळलं आणि झालं, ऐकायचं खूळच घेतलं. माझा भाचा मुकेश कल्याणहून आला, त्यानं काडेपेटीएवढा रिसिव्हर लॅपटॉपला जोडून दिला. गच्चीवर तांब्याच्या जाड तारेचं एक कडं उभं केलं, सायकलच्या चाकाएवढं. कड्याच्या बुडाशी एक डबी, बारीक आवाज मोठा करणारी. त्या डबीला करंट लागतो, आणि तो वेगळ्या वायरनं जात नाय. आवाज ज्या केबलनं खाली येतो, त्याच केबलनं रिसिव्हर करंट वर सोडतो. लॅपटॉपवर एका चौकोनात खूण केली की डबी जिवंत, खूण काढली की मेली. मेली की नुसती खरखर.

"पाच व्होल्ट आहेत काका, मुंगीपण मरायची नाय," मुकेश म्हणाला.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि नियम लावलाच. मी गच्चीवर जायचं तर आधी म्हणायचं, "परमिट घेते." हे खूण काढणार. उतरले की म्हणायचं, "परमिट परत." मंग हे खूण करणार. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकपण फुंकून पितो, म्हणून मी चालवून घेतलं. शेजारची जानकीबाई मात्र हसायची. "रत्नप्रभा, तुला पापड वाळवायलापण सरकारी परवानगी लागते गो."

कुंडलिक बोलायचा तरी काय? गुडघा दुखतो, नाचणी बरी आली, विहीर आटली. हे हेडफोन काढून मला सगळं सांगत, जसा काय सख्ख्या भावाचा फोन आला. मला संताप यायचा. भर मसणात ज्यानं ह्यांची अब्रू काढली, त्याच्या नाचणीचं आमाला काय?

मंग मार्चात कुंडलिकची मुलगी माधुरी आमच्या दारात आली. बापाच्या गळ्यात गाठ निघाली होती. सोमवारी मुंबईला ऑपरेशन, त्यानंतर आवाज राहणार नव्हता.

"बाबा रविवारी दहाला बोलणारेत," ती ह्यांना म्हणाली. "तुमी ऐकता ते त्यांना कळलंय. तुमच्याशी बोलायचं नाय अशी शपथ आहे. पण हवेत बोललं तर ती मोडत नाय, असं ते म्हणतात."

ती गेली आणि हे रडले. धाऊ गेला तेव्हापण मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं.

रविवारी ह्यांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. रेडिओ ऐकायला इस्त्रीचा शर्ट! माझं डोकं फिरलं. "तो शिव्या घालेल, तुमी नटून ऐका," मी म्हणाले. साडेनऊला परमिट घेऊन मी वाल वाळत घालायला गच्चीवर गेले. आमचा जिना बाहेरून आहे. उतरताना खिडकीतून दिसलं, हे माझ्याकडं पाठ करून कॉलर नीट करत होते. मी जिन्याखालची पिशवी उचलली आणि रिक्षानं शहापूरच्या बाजाराला गेले. मोबाइल घरात चार्जिंगला होता.

साडेअकराला परत आले तर हे तसेच बसलेले, हेडफोन कानावर, चौकोन रिकामा. जानकीबाई दारात उभी होती.

"मी किती वेळा सांगितलं, ती बाजारात गेली, चालू करा. ऐकतच नायत गो."

ह्यांचे गुडघे गेलेत, गच्चीवर जाऊन बघता येत नाय. त्यांनी मला विचारलं, "उतरलीस का?"

"परमिट परत," मी म्हणाले. तेव्हा त्यांनी खूण केली. आवाज आले, पण त्यात कुंडलिकचा नव्हता.

कुंडलिक ऑपरेशननंतर शुद्धीवर आलाच नाय. चौथ्या दिवशी गेला.

तेराव्यानंतर माधुरी आली. बाप त्या दिवशी काय बोलला, ते तिनं ह्यांच्यासमोर बसून सांगितलं. आधी बराच वेळ खोकत होता. मंग नाव घेऊन म्हणाला, "नरेंद्र, धाऊचं द्यायचं राहिलं. मी त्याचा मोठा भाऊ, त्याच्या वतीनं देतो. परमिट परत."

"काका, बाबांनी तुमाला मोकळं केलं," माधुरी म्हणाली.

ह्यांनी मान हलवली. "त्याच्या तोंडून कानावर आलं असतं तर मी धरलं असतं, पोरी. दुसऱ्यानं सांगितलेलं मी एकदा धरलं होतं."

ती गेल्यावर हे माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसले. "तू मनाला लावून घेऊ नको," मला म्हणाले. "बाजाराची घाई, विसरतं माणूस."

मी भाकरी थापत राहिले. मी विसरले नव्हते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाय.