कुटुंबप्रमुखांनी घरी हजर राहावे

बी.ए. झाले आणि घरात माझा पाय ठरेना. दुपारी सगळे आडवे झाले की मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची, खिडकी उघडायची, पुन्हा लावायची. आई म्हणायची, "एका जागी बस की गं जरा." बसणंच तर जमत नव्हतं. नवी पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात प्रेशर कुकर दाखवायला बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा मी कुणाला न विचारता तिथं जाऊन आले.

"घरोघर भांडी विकत हिंडणार?" वडील म्हणाले.

"विकत नाही, प्रात्यक्षिक दाखवणार," मी म्हटलं.

एका पिशवीत कुकर, दुसरीत वातीचा स्टोव्ह. दार वाजवायचं, हसायचं, आणि बाई 'नको' म्हणायच्या आत पाऊल उंबऱ्याच्या आत टाकायचं. हे शेवटचं दुकानमालकांनी शिकवलं होतं. रेल्वे लाइन्सकडच्या बंगल्यांत काही बायका आतूनच "नको म्हणावं" असं ओरडायच्या. काही जणी शेजारणींना गोळा करायच्या, माझा वरणभात चाखायच्या, आणि "ह्यांना विचारून सांगते" म्हणून बोळवण करायच्या. झोपमोड झाल्यावर माणूस ज्या नजरेने बघतो ती नजर मला रोज झेलावी लागे. तरी घरी बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

मग मुंबईच्या कंपनीने एक नवी युक्ती काढली. आधी घरोघर पोस्टाने छापील कार्डं पाठवायची, मागाहून मी जायचं. उत्सुकता वाढावी म्हणून कार्डावर कुकरचा उल्लेखच नव्हता. 'सुखी कुटुंबासाठी! आमच्या प्रतिनिधी लवकरच आपल्या घरी येत आहेत. कुटुंबप्रमुखांनी कृपया घरी हजर राहावे.' बंगल्यांत कार्डाचा उपयोग झाला. बायका वाट बघत असायच्या, चार-दोन कुकर खपले. मालक खूश झाले आणि तीच कार्डं त्यांनी शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत पाठवली.

दिवस आणीबाणीचे होते. नसबंदीची माणसं जीप घेऊन येतात आणि पुरुषांना उचलून नेतात, अशी कुजबुज गावभर होती. हे मला ठाऊक होतं. पण ते आणि कार्ड, या दोन गोष्टी माझ्या मनात कधी शेजारी आल्याच नाहीत.

त्या गल्लीत शिरले तेव्हा पहिल्यांदा कानाला काहीतरी चुकल्यासारखं झालं. एकही माग चालत नव्हता. एरवी तिथं शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. ओट्यांवर बायका विड्या वळत होत्या, त्या मला बघताच सुपं उचलून आत गेल्या. कड्या लागल्याचे आवाज आले. मी दार वाजवलं की आतून एकच उत्तर यायचं, "मालक घरात न्हाय. गावाला गेलाय." जिथं जावं तिथं मालक गावाला. माझी चिडचिड व्हायला लागली. उन्हात दोन पिशव्या घेऊन मी आले होते, आणि या बायका तोंडसुद्धा दाखवत नव्हत्या.

गल्लीच्या टोकाला एक दार उघडं होतं. विडी वळणारी बाई, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची, दारातच उभी राहिली. घरात तेलुगू बोलत असावी. मराठी थांबत थांबत बोलली.

"ताई, आमाला एकच लेकरू हाय," ती म्हणाली. "त्याच्या बापाला सोडा."

"कुणाला?"

तिने कार्ड पुढं केलं. शाळेत जाणाऱ्या पोरींनी ते गल्लीभर वाचून दाखवलं होतं. मला एकदम सगळं कळलं: ही मला नसबंदीवाली समजत होती.

"अक्का, मी त्यातली नाही हो! मी भांडं विकते, हे बघा." घाईघाईने मी कुकर बाहेर काढला. ती दोन पावलं मागं सरकली.

"ह्यातच उकळत्यात व्हय हत्यारं?"

हसावं की रडावं कळेना. मी तिथंच खाली बसले, स्टोव्ह पेटवला. "तुमच्या घरची डाळ द्या," म्हटलं. तिने नजर माझ्यावरून न काढता वाटीभर तुरीची डाळ आणून दिली. आम्ही दोघी कुकरच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. शिट्टी होणार हे सांगायचं मी विसरले.

ती झाली तशी आतल्या खोलीत काहीतरी धडपडलं. जुन्या हातमागाखालच्या, विणताना पाय सोडायच्या खड्ड्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला तिचा नवरा उडी मारून बाहेर आला होता, गुडघे धुळीने माखलेले. त्याने आधी कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बायकोकडे. ती तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेलुगूत ती त्याला काहीतरी म्हणाली. तो कुकरपाशी येऊन बसला.

डाळ शिजली होती. ती त्याने बोटावर घेऊन बघितली. "लई मऊ झाली की," एवढंच म्हणाला.

अक्काच मग ओट्यावर जाऊन ओरडली. दारं उघडली, बायका कुकर बघायला आल्या. थोड्या वेळाने एकेक माग सुरू झाला. त्या दिवशी कुणी कुकर घेतला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

पण कार्डं पुढच्या गल्लीतही पोचली होती. तिथला एकजण खरंच निघून गेला होता. सासुरवाडीला असेल, असं शेजारी म्हणत होते. त्याच्या बायकोने दार उघडलं नाही. अक्काने बाहेरून तिला तेलुगूत समजावलं, मी कुकरचं झाकण वाजवून दाखवलं. आतून तिचा आवाज आला, "त्यो आल्यावर या." पुढं मी दोनदा गेले, तेव्हाही तो आलेला नव्हता.

दुकानमालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कार्डाने माल खपतो, बाई. कंपनी थोडीच ऐकणार?" तरी पूर्व भागात त्यांनी पुन्हा कार्डं पाठवली नाहीत. आणि मी कुकर पिशवीत ठेवणं सोडलं. भर रस्त्यातून तो उघडा हातात धरून जायची. लोक बघायचे, पोरं 'कुकरवाली' म्हणून मागं लागायची. दारापाशी पोचले की आतली चाहूल घेत मी थांबून राहायची; हात कडीकडे जायचा आणि परत यायचा.