संत्र्याच्या तहानेची गोष्ट माझी आहे

उमाठे सरांनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस पांढुर्ण्यात अजून यायचा आहे. त्यांनी माझी एक गोष्ट माझ्याकडून काढून घेतली आणि लोकांना वाटून टाकली.

पांढुर्ण्यात माझा छापखाना होता. ऐंशीच्या दशकातला, म्हणजे खिळ्यांचा. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये उलटं लावायचं, ओळी बांधायच्या आणि ट्रेडल मशीनवर छापायच्या. याला जुळणी म्हणतात. छपाई झाली की अक्षरं सुटी करून परत खणात. चौथीनंतर माझी शाळा सुटली. नागपूरच्या एका छापखान्यात झाडू मारता मारता हे काम शिकलो. लग्नपत्रिका, बिलबुकं, बाजाराची पत्रकं. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले.

उमाठे सर सौंसरच्या शाळेत मराठी शिकवायचे. एकदा ते बसमधून उतरून कापडी पिशवीभर कागद घेऊन आले.

"बबनभाऊ, पोरांनी पुराणकथा लिहिल्या. पुस्तिका काढायची आहे."

"पुराणं तर लिहून झाली ना सर?"

"ती पोरांना पाठ होतात, समजत नाहीत. समुद्रमंथनातली रत्नं झोपेत मोजतात. विष कोणीतरी प्यायलाच पाहिजे असं का, हे विचारलं की गप्प. म्हणून म्हटलं, एक तुम्हीच रचा."

त्यांची रीत साधी होती. आपल्या भागातली डोळ्यांना दिसणारी एक गोष्ट घ्यायची आणि ती अशी का झाली ते सांगायचं. गोटमारीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आमच्या दगडफेकीच्या जत्रेवर लिहायचं नाही, तिची गोष्ट आधीच आहे. कथेत कोणीतरी काही मागितलं पाहिजे, त्यासाठी काही सोडलं पाहिजे, आणि जे सोडलं त्याची खूण आजही दिसली पाहिजे. स्वतः देव घडवायला बसलं की जुन्या लोकांनी किती विचार केला होता ते कळतं, असं सरांचं म्हणणं.

मला हे मास्तरी खूळ वाटलं. पण जुळणी करणाऱ्याला एकेक अक्षर वाचावंच लागतं. रामाकोना गावच्या एका मुलीची कथा आली तेव्हा माझं डोकं तापलं. तिच्या कथेत कन्हान नदीनं पाणी मागितलं आणि देवानं लगेच देऊन टाकलं.

"सर, या देवाचं दुकान चालते कसं?" मी म्हणालो. "घासाघीस नाही, काही नाही. हा तर आठ दिवसांत दिवाळं काढते."

सर हसत सुटले. कथा परत गेली. पुढच्या खेपेला ती मुलगी स्वतः सरांबरोबर आली आणि कागद माझ्यापुढे धरला. आता नदीनं पाण्याच्या बदल्यात उन्हाळ्यातला आपला आवाज दिला होता. म्हणून चैत-वैशाखात कन्हान मुकी असते.

"काका, आता जमलं का?"

"आता जमलं. आता तुह्या देवाले धंदा समजते."

तेव्हापासून मी प्रत्येक पोराच्या कथेला नावं ठेवू लागलो. सर ऐकून घेत आणि बहुतेक वेळा मान्यही करत.

शेवटी एक पान कोरं उरलं. पुस्तिकेची पानं चारच्या पटीत येतात, कारण कागद दुमडला की चार पानं होतात. कोरं पान सोडणं आमच्या धंद्यात नामुष्कीचं. मी खताच्या दुकानाची जाहिरात सुचवली. सर नको म्हणाले.

"मग एक कथा आणा अजून."

"पोरांची परीक्षा सुरू आहे. तुम्हीच लिहा ना. सगळ्यांना नावं ठेवून राहिले इतके दिवस."

चिडून मी त्याच दिवशी एक कथा जुळवली. संत्र्याच्या झाडानं सगळ्या देवांना गुंडाळून फुकटात वर्षाला दोन बहार मिळवले, अशी. सरांनी प्रूफ वाचलं.

"बबनभाऊ, ही पुराणकथा नाही. हे तुमचं आत्मचरित्र आहे. झाडानं सोडलं काय?"

"काहीच नाही. हुशार आहे झाड."

"मग लोक त्याची गोष्ट कशाला सांगतील? त्याचा हेवा करतील अन् विसरतील."

मला इतका राग आला की बांधलेली जुळणी तिथंच मोडली. सर बस पकडायला निघून गेले.

पण वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी उधारी मागायला सौंसर रोडवरच्या एका बागेत गेलो होतो. बाग ताणावर होती. ताण म्हणजे बहार यायच्या आधी काही आठवडे झाडाचं पाणी तोडतात. पानं मान टाकतात, झाड आता गेलं असं वाटतं. मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. मी उधारी न मागताच परत आलो. खिळ्यांच्या खणांपुढे उभा राहिलो आणि कागदावर काही न लिहिता थेट खिळे उचलू लागलो.

संत्रं भूमातेला म्हणालं, इतरांना एक बहार देतेस, मला दोन दे. ती म्हणाली, देते, पण प्रत्येक वेळी आधी तहानेनं मरणाच्या दारापर्यंत जायचं. संत्र्यानं घासाघीस केली. दारापर्यंत जातो, पण दार तू उघडायचं नाहीस. भूमाता हसली आणि कबूल झाली. म्हणून ताणावरच्या झाडाची पानं सुकतात, पण झाड मरत नाही. ते दारात बसून असतं.

सरांनी प्रूफ दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पास."

मग नावाचा प्रश्न आला. पोरांच्या कथांखाली नाव आणि वर्ग होता. माझ्या कथेखाली काय टाकायचं?

"पालक म्हणतील, छापखानेवाला वर्गात कुठून आला," सर म्हणाले. "नाव नका टाकू. बदल्यात काय पाहिजे सांगा."

बदल्यात हा शब्द ऐकला की माझ्यातला दुकानदार जागा होतो. मी मागच्या कव्हरवर छापखान्याचं नाव मागितलं, माझ्याकडच्या सगळ्यात मोठ्या टाइपात. सर लगेच हो म्हणाले.

पुस्तिका पोरांबरोबर गावोगाव, घरोघर गेली. दोन-तीन वर्षांनी सौंसरच्या शाळेत कार्यक्रम होता. नागपूरचे एक विद्वान लोककथा गोळा करत खेडोपाडी फिरले होते. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, रामाकोन्यात मला एक अतिप्राचीन कथा सापडली. मग त्यांनी माझी कथा सांगितली. मरणाच्या दारासकट.

मी उभा राहिलो. "ही माझी आहे."

लोक हसले. विद्वानांना ती कथा सांगणारे रामाकोन्याचे संत्राबागवाले किसनाजी पुढच्याच रांगेत होते. त्यांनी मान वळवली. "काहून रे बबन? मी तर माह्या आज्याच्या तोंडून ऐकली."

"किसनाजी, बाग तुमच्या बापानं लावली. आज्याच्या वक्ताले तिथं कापूस होता."

"असंन. पण ऐकली मी."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. विद्वानांनी नम्रपणे विचारलं, मूळ हस्तलिखित आहे का? हस्तलिखित कुठून असणार? मी थेट शिशात लिहिलं होतं, आणि त्या शिशाच्या तोवर शेकडो लग्नपत्रिका होऊन गेल्या होत्या. पुस्तिका होती, पण तिच्यात कथेखाली नाव नव्हतं. मग त्यांनी उमाठे सरांना विचारलं. मी सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "हो, इकडे सांगतात ही गोष्ट."

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. "सर, तुम्ही खोटं बोलून राहिले."

"खोटं काय? सांगत नाहीत का?"

"कोणाची आहे ते सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर ती छापखानेवाल्या बबनची गोष्ट झाली असती. आता ती संत्र्याची आहे." त्यांनी चहा फुंकला. "मी इतकी वर्षं कविता लिहून राहिलो बबनभाऊ. माझी एक ओळ कोणाच्या आज्याला आठवत नाही."

मला शिवी द्यायची होती. दिली नाही. त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

आता छापखाना नाही. ऑफसेट आलं, खिळे भंगारात वजनावर गेले. कथा मात्र बागा ताणावर सोडताना अजून सांगतात. परवा माझ्या नातवानंच मला ती ऐकवली. मी मध्येच एक वाक्य दुरुस्त केलं, तर म्हणाला, "आबा, चुकून राहिले तुम्ही. अशी नाही ती." पोरगं पुढे सांगत होतं आणि मी ऐकत होतो. चांगलं सांगतो.

धंद्यातला धडा एवढाच की गिऱ्हाईक लगेच हो म्हणालं तर सौदा तिथंच थांबवावा आणि आपल्या हातून काय जातं आहे ते आधी पाहावं.

पण माझी तक्रार अजून उभी आहे. कुठल्याही जुन्या कथेत देव वर देतो तेव्हा अट तोंडावर सांगतो. मागणारा ऐकून घेतो, मगच हो म्हणतो. नाव सोडलं की कथाही जाते, हे त्या दिवशी सरांना माहीत होतं आणि मला नव्हतं. सर आता रिटायर होऊन सौंसरलाच असतात. त्यांनी नागपूरच्या त्या विद्वानाला बोलवावं, किसनाजींच्या पोरांना बोलवावं, आणि सगळ्यांपुढे मला सांगावं: अट आधी काहून नाही सांगितली?