कडं नसलेला शनी

अकोल्याच्या शाळेत कमलाकांत मास्तरांनी सव्वीस वर्षं फळ्यावर शनीचं कडं काढून दाखवलं. स्वतः मात्र ते कधी पाहिलं नव्हतं. १९३६च्या भादव्यात काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला. डावा फार तर शिमग्यापर्यंत टिकेल, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी मुंबईहून दुर्बीण मागवली. डोळा आहे तोवर एकदा ते कडं पाहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दिवाळीनंतर पेटी आली. शेजारच्या खुशालरावांनी ती स्टेशनावरून बैलगाडीत घालून आणली.

"मास्तर, हे तोफ कोनावर डागून राह्यले?"

"शनीवर."

"मंग पयले सांगाचं होतं. गाडीत घेतलीच नसती."

मास्तरांच्या पत्नीला, कुंदाताईंनाही तेच खुपत होतं. नव्या वस्तूतून पहिलं दर्शन शनीचं? "आधी चंद्र तरी बघा," त्या म्हणाल्या. मास्तर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. दुर्बीण घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर मांडली. तिथे कुणी चाललं की तिपाई थरथरायची, म्हणून तिच्या पायांवर त्यांनी वाळूच्या पिशव्या ठेवल्या. दिवसा देवळाच्या कळसावर नेम धरून भिंगं जुळवली. कुंदाताई नळीला हळदकुंकू लावत होत्या, तेव्हा मास्तर भिंगापुढे हात आडवा धरून बसले.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला शनी सापडला. पिवळसर, स्वच्छ गोळा. कडं नव्हतं. मास्तरांनी भिंग पुसलं, डोळा पुसला. नुसता गोळाच.

"कुंदा, बघ गं. भोवती कडं दिसतं का?"

कुंदाताईंनाही गोळाच दिसला. पण नवऱ्याचा आवाज कापत होता, आणि पहिल्याच दर्शनाला 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"दिसतं ना. चांगलं ठसठशीत."

मास्तरांनी नळीवर झाकण घातलं. म्हणजे डावाही गेला.

दुर्बीण पेटीत गेली. मुंबईच्या दुकानदाराला त्यांनी पत्र टाकलं: शनीचं कडं दिसत नाही, डोळा गेला, वस्तू परत घ्या. मग महिनाभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वर रोज निरभ्र आकाश होतं.

उत्तर आलं. 'यंदा शनीचं कडं पृथ्वीकडे धारेनं वळलं आहे, ताटली कडेनं धरावी तसं. दुर्बिणीतून आम्हालाही दिसत नाही. दोन वर्षांनी चांगलं उघडेल. आपला डोळा शाबूत असावा.'

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. "त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?"

"गोळा," कुंदाताई खाली बघत म्हणाल्या.

 संध्याकाळी मास्तरांनी स्वतःच पेटी वर नेली, शनी शोधला. आज त्याच्याभोवती कडं होतं. मास्तरांनी नळी शेजारच्या ताऱ्याकडे वळवली. त्याच्याभोवतीही होतं. उजवा डोळा जाण्याआधी कंदिलाभोवती असंच वलय येत असे.

"गार पडलंय. आवरायचं का?" कुंदाताईंनी विचारलं.

"थांब," ते डोळा न काढता म्हणाले. "अजून थोडं दिसतंय."